टॉप्स प्रोजेक्ट २०२०: आर्टिस्टनी नव्याने केलेली बेसबॉल कार्डं आवडायला लागलीत, खेळाडूप्रमाणे जमवू की आर्टिस्टप्रमाणे?

पावसाळी_गाव:

नमस्कार मंडळी. इथे नाणी, तिकिटं, काडेपेटीचे छाप यावर भरपूर धागे आहेत पण बेसबॉल कार्डांवर फार काही सापडलं नाही, अमेरिकेतले बरेच जण इथे असतात म्हणून विचारतोय.

मी सिएटलजवळ राहतो. बेसबॉलचं वेड इथे आल्यावरच लागलं आणि कार्डं त्याच्या मागोमाग घरात शिरली. आत्तापर्यंत फक्त जुनी घेतली, म्हणजे टॉप्स या अमेरिकन कार्ड कंपनीची पन्नास ते ऐंशीच्या दशकातली, कोपरे झिजलेले असले तरी चालतात, मध्ये घडी पडलेली असली तरी चालते, पण मूळ हवं, रिप्रिंट नको. त्यामुळे २०२० मध्ये टॉप्सने प्रोजेक्ट २०२० काढलं तेव्हा मी तिकडे वळलोच नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, वीस आर्टिस्ट निवडले, वीस गाजलेली जुनी कार्डं निवडली, आणि प्रत्येक आर्टिस्टने ती वीसच्या वीस कार्डं आपल्या पद्धतीने नव्याने करायची, म्हणजे एकूण ४००. रोज दोन कार्डं विक्रीला यायची, प्रत्येक फक्त ४८ तास, किंमत १९.९९ डॉलर, आणि विक्री बंद झाली की किती छापली तो आकडा जाहीर. जॅकी रॉबिन्सन आणि विली मेजच्या १९५२ च्या कार्डांपासून माइक ट्राउटच्या २०११ च्या कार्डापर्यंत सगळे त्यात आहेत. आर्टिस्ट पण एका जातीचे नाहीत, कुणी टॅटू काढणारा, कुणी सोनार, कुणी बिअरच्या कॅनवर चित्रं काढणारा, कुणी स्ट्रीट आर्टवाला.

तेव्हा मला ती छोटी पोस्टरं वाटायची. कार्ड म्हणजे फोटो, नाव, टीम, मागे आकडे, हे सगळं ज्याच्या त्याच्या जागी, आणि त्यातलं काहीच जागेवर नाही तर मग हे कार्ड कसलं, असं.

आता झालंय असं की एका कार्ड शोमध्ये एका टेबलावर बॉब गिब्सनची ही नवी कार्डं एका ओळीत मांडलेली दिसली आणि मी तिथून हललोच नाही. गिब्सनचं मूळ कार्ड १९५९ चं, भडक गुलाबी, मध्ये गोल फोटो, नाव सगळं लहान अक्षरांत तिरकं लिहिलेलं. माझ्याकडे ते कित्येक वर्षं आहे. टेबलावर पाहिलं तर प्रत्येक आर्टिस्ट त्या गोलाशी आणि त्या गुलाबीशी काहीतरी वेगळं बोलतोय, एकाने ते महत्त्वाचं मानलंय तर दुसऱ्याने बाजूला सारून फक्त गिब्सनचा चेहरा धरलाय. घरी येऊन मूळ कार्ड काढलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे डिझाइन म्हणून नीट बघितलं, की अरे हे पण कुणीतरी बसून ठरवलेलं आहे, एका खेळाडूला गोल खिडकीत बसवायचं, अक्षरं लहान ठेवायची, एवढा रंग वापरायचा. इतकी वर्षं मी त्या कार्डाचे कोपरे आणि छपाई मध्यावर आहे का एवढंच बघत होतो. त्यानंतर जेव्हा जेव्हा संधी मिळाली तेव्हा ही कार्डं बघत गेलो आणि आता खरंच ओढ लागलीय.

तर प्रश्न असे. पहिला म्हणजे एका खेळाडूची वीसच्या वीस जमवावीत की एका आर्टिस्टची वीस? ४०० चा सेट मला जमणार नाही आणि करायचाही नाही. दुसरं म्हणजे छपाईच्या आकड्याला किती किंमत द्यायची? आणि तिसरं, ज्यांच्याकडे जुनी आणि ही दोन्ही आहेत ते एकाच बॉक्समध्ये ठेवतात की वेगळी? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल पण माझ्यासाठी नाहीये.

जुनाबाजार:

मी एडिसनला असतो, न्यू जर्सी, आणि फक्त १९७० च्या आधीची कार्डं घेतो, त्यामुळे माझं मत कुठल्या बाजूला जाणार ते आधीच कळलं असेल, तरी सांगतो कारण तुम्ही मनापासून विचारलंय.

माझ्यासाठी कार्ड म्हणजे त्या वर्षाचा कागद. १९५२ चा टॉप्सचा सेट कंपनीतल्या साय बर्जर आणि वुडी गेलमन यांनी ब्रुकलिनमध्ये बर्जर यांच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तयार केला, ४०७ कार्डं, मागे खेळाडूची माहिती आणि आदल्या वर्षाचे व एकूण कारकिर्दीचे आकडे. ते पोरांनी च्युइंगमबरोबर विकत घ्यावं, खिशात कोंबावं, एकमेकांत बदलावं म्हणून केलं होतं, पुढे कुणी काचेत ठेवेल म्हणून नाही. त्या सेटमधली शेवटची सिरीज इतकी कमी खपली की उरलेला माल वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिला आणि १९६० च्या सुमाराला बर्जर यांनी तो बार्जवर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून आत अटलांटिकमध्ये टाकून दिला, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. त्याच सिरीजमधलं मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. म्हणजे जुन्या कार्डाचं दुर्मिळपण असं आलेलं आहे, कुणी ठरवून आणलेलं नाही. आयांनी फेकली, पोरांनी हरवली, कंपनीने बुडवली, आणि त्यातून जी वाचली ती आपल्याकडे आली. ४८ तास विकून आकडा जाहीर करणं म्हणजे पहिल्या दिवसापासून संग्राहकासाठीच बनवलेली वस्तू, तिच्यावर कुठल्या पोराचा हात फिरलेला नाही. मला हातात घेतल्यावर जे वाटतं ते तिथे वाटत नाही.

चित्रं म्हणून ती चांगली आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. घ्यायची असतील तर जरूर घ्या. पण बॉक्स वेगळा ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आकारही जुळत नाही, १९५२ ते ५६ ची टॉप्सची कार्डं जरा मोठी होती, आजचा अडीच बाय साडेतीन इंचाचा आकार १९५७ पासूनचा. जॅकीचं मूळ आणि नवं शेजारी ठेवलंत की लगेच दिसेल.

रेघोटी:

जुनाबाजार दादा, तुमचा अटलांटिकवाला परिच्छेद फार आवडला, तो मालाचा इतिहास नीट लिहिलाय तुम्ही. पण चित्राच्या बाजूने मला थोडं बोलायचंय. मी जे.जे. अप्लाइड आर्टची, आता टोरंटोला असते, पोट इलस्ट्रेशनवर चालतं, आणि बेसबॉलपेक्षा कार्डांच्या छपाईत माझा जीव जास्त अडकलेला आहे.

पहिली गोष्ट म्हणजे १९५२ चा सेट फोटोंचा सेट नाहीये, निदान आपण फोटो म्हणतो तसा तरी नाही. ते कृष्णधवल फोटो होते आणि त्यांच्यावर फ्लेक्सिक्रोम नावाच्या पद्धतीने माणसांनी ब्रशने रंग भरलेले आहेत. मेजच्या चेहऱ्याची छटा, मागचा आकाशाचा निळा, मँटलच्या मागचा तो निळा, हे सगळं कुणीतरी टेबलावर बसून भरलंय. म्हणून तर ती कार्डं इतकी वेगळी चमकतात. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९५३ ला, टॉप्सने सगळीच्या सगळी कार्डं चित्रांवरून काढली. कार्डाच्या आकाराची चिमुकली पेंटिंग्ज करून घेतली आणि ती छापली, त्यातली काही मूळ चित्रं टॉप्सने १९८९ मध्ये लिलावात काढली होती. त्या सेटचं पहिल्या नंबरचं कार्ड जॅकी रॉबिन्सनचंच आहे, ते एकदा भिंगाखाली बघा, गालावर ब्रशचा फटकारा दिसतो. त्याच्याही मागे जा, १९०९ ते ११ मध्ये सिगारेटच्या पाकिटातून आलेली टी२०६ ची कार्डं, ज्यातलं होनस वॅग्नर जगप्रसिद्ध आहे, ती लिथोग्राफ आहेत, मागचे केशरी-जांभळे आकाश कुठल्या कॅमेऱ्याने टिपलेले नाही. आणि पुढे या, १९८२ पासून डॉनरस या दुसऱ्या कार्ड कंपनीच्या डायमंड किंग्ज कार्डांसाठी डिक पेरेझ वर्षानुवर्षं खेळाडू रंगवत होते. बेसबॉल कार्डावर चित्रकाराचा हात पहिल्यापासून आहे. फरक एवढाच की १९५३ ला ज्याने मेज रंगवला त्याचं नाव कार्डावर नव्हतं आणि २०२० मध्ये नाव आलं. मला एक चित्रकार म्हणून ही फार मोठी गोष्ट वाटते, आणि ती व्हायला इतकी वर्षं लागली याचं वाईटही वाटतं.

आता पावसाळी_गाव, तुझा पहिला प्रश्न. मी आर्टिस्टप्रमाणे जमव म्हणेन, आणि कारण सांगते. त्या वीस कार्डांची यादी बघ, ते वीस वेगवेगळे पेच आहेत. सँडी कोफॅक्स आणि रॉबर्तो क्लेमेंटे दोघेही १९५५ चे, मूळ कार्डं आडवी, एक मोठा चेहरा आणि शेजारी छोटी खेळतानाची आकृती, कोफॅक्सच्या मागे पिवळा, क्लेमेंटेच्या मागे हिरवा. टोनी ग्विनच्या १९८३ च्या कार्डात मोठा फोटो आणि कोपऱ्यात गोल छोटा चेहरा. रिकी हेंडरसन १९८० चा, बॅट घेऊन इतका खाली वाकलेला की अर्धं कार्ड त्या वाकण्याचंच आहे. जॉर्ज ब्रेट १९७५ चा, बॉर्डरच दोन रंगांची. मार्क मॅकग्वायर १९८५ चा, अमेरिकेच्या ऑलिंपिक टीमच्या ड्रेसमध्ये. मारियानो रिव्हेरा तर १९९२ च्या बोमन कार्डात टीमच्या ड्रेसमध्येच नाही, साध्या कपड्यांत उभा आहे, एखाद्या कॉलेजच्या मुलासारखा, आणि पुढे तोच २०१९ मध्ये एकही मत विरोधात न जाता हॉल ऑफ फेममध्ये गेला. आता एकाच आर्टिस्टने या सगळ्याला कसं उत्तर दिलंय ते सलग बघितलंस की त्याची विचार करायची पद्धत कळते, कुठे तो मूळ चौकट ठेवतो, कुठे मोडतो, कुठे फक्त रंग उचलतो, कुठे त्याचा हात आखडलाय हे पण कळतं. एका खेळाडूची वीस घेतलीस तर वीस शैली दिसतात, ते पण छान आहेच, पण ते प्रदर्शन झालं. एका हाताची वीस म्हणजे त्या माणसाचं वर्षभराचं काम तुझ्यासमोर आहे.

आणि कुणाचं घ्यायचं? टायसन बेक डिजिटल काम करतो, स्पोर्ट्स ग्राफिक्समध्ये मुरलेला आहे, त्याची कार्डं बघताक्षणी झगझगीत आणि पक्की वाटतात, सुरुवातीला बहुतेकांना तीच आवडतात. बेन बॅलर सोनार, तो सगळं हिरेमाणकांत मढवतो. मिस्टर कार्टून लॉस एंजेलिसचा टॅटूवाला, बारीक रेघेचं काम, सावल्या बघत बसाव्यात अशा. जेके५ पण टॅटूवाला, पण तो अक्षरं आणि चिन्हं विणत जातो. जोशुआ व्हाइड्सची ओळखच पांढऱ्यावर जाड काळ्या रेघा, वस्तूचं कच्चं स्केच करून ठेवणं. मॅट टेलर इंग्लंडचा, कॉमिक्ससारखे सपाट रंग आणि त्यात ऊन कसं पडलंय हे त्याला फार कळतं. सोफिया चँग क्वीन्सची. आणि कीथ शोर, जो मिकेलर बिअरच्या डब्यांसाठी चित्रं काढतो, त्याचे चेहरे पहिल्यांदा बघितल्यावर लहान मुलाने काढल्यासारखे वाटतात, नाक मोठं, डोळे दोन टिंबं. त्याच्या कार्डांवर सुरुवातीला संग्राहकांनी फार टीका केली. मला विचारशील तर त्या वीस जणांत सगळ्यात धीट काम त्याचं आहे, कारण तो सारखेपणाच्या मागेच नाहीये, चार रेघांत बॅटरचा पवित्रा पकडतो आणि तेवढ्यावर थांबतो. थांबणं फार अवघड असतं, रोज त्याच कामात असल्यामुळे सांगते. त्याचं एक कार्ड आज घेऊन टेबलावर ठेव, आठवडाभर येता-जाता बघ, मग ठरव.

मधलीफळी:

मला बेसबॉलमधलं काही कळत नाही, पुण्यात बसून क्रिकेट बघणारा माणूस, पण धागा वाचत वाचत शेवटपर्यंत आलो. आमच्या लहानपणी बिग फन च्युइंगमबरोबर क्रिकेटची कार्डं यायची, नंतर डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं, त्यामुळे च्युइंगमचं वाचून एकदम जवळचं वाटलं. एक विचारू का, ज्याला खेळच माहीत नाही त्याने ही कार्डं बघायची तर कुठल्या खेळाडूपासून सुरुवात करावी? चित्रं नेटवर बघतोच आहे पण माणूस माहीत असला तर जास्त मजा येईल ना.

पावसाळी_गाव:

@मधलीफळी, क्लेमेंटेपासून सुरू करा, आणि मग जॅकी रॉबिन्सन.

जॅकीबद्दल थोडं माहीत असेल, १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि आधुनिक मेजर लीगमधली गोऱ्यांची मक्तेदारी मोडली, त्याचा ४२ नंबर १९९७ मध्ये सगळ्या टीम्सनी मिळून कायमचा बाजूला ठेवला. त्याचं १९५२ चं कार्ड म्हणजे हसरा चेहरा आहे, आणि त्या माणसाने काय काय ऐकून घेतलं, सहन केलं ते माहीत असताना तो हसरा चेहरा बघणं फार वेगळं असतं. मला बघायचं होतं की वीस आर्टिस्ट त्या हसण्याचं काय करतात. हे बघायला म्हणून तरी ती वीस कार्डं समोर ठेवून बघा.

क्लेमेंटे पोर्टो रिकोचा. पिट्सबर्गकडून पूर्ण कारकीर्द, बरोबर ३००० हिट्स. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वात भूकंप झाला, तिकडे मदतीचं सामान घेऊन तो स्वतः विमानात बसला, ३१ डिसेंबरच्या रात्री ते विमान समुद्रात कोसळलं. आणि कार्डांशी जोडलेली एक गोष्ट आहे जी मला कायम टोचते, टॉप्सने १९५५ आणि ५६ ला त्याचं नाव रॉबर्तो छापलं, मग १९५७ पासून १९६९ पर्यंत सरळ बॉब करून टाकलं. त्याला ते आवडत नव्हतं, तो स्वतःला रॉबर्तोच म्हणवायचा. प्रोजेक्टमध्ये १९५५ चं कार्ड निवडलंय, रॉबर्तोवालं, आणि वीस चित्रकारांनी वीसदा त्याला रॉबर्तो म्हणून समोर आणलं, हे मला फार बरं वाटतं. जुन्या कागदाबद्दल माझं प्रेम जराही कमी झालेलं नाही जुनाबाजार साहेब, पण त्या कागदाने काही माणसांना नीट वागवलं नव्हतं हेही आहेच.

रेघोटी ताई, फ्लेक्सिक्रोमचं वाचून मी माझं एक १९५२ चं साधं कार्ड, फारसा कुणाला माहीत नसलेला पिचर आहे, भिंगाखाली घेऊन बसलो. टोपीचा रंग कडेला किंचित बाहेर गेलेला आहे. किती वर्षं माझ्याकडे आहे ते. थँक यू.

कागदकीडा:

उशिरा आलो. आकड्यांच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो, मी शिकागोला आहे आणि प्रोजेक्ट चालू होतं तेव्हा जवळजवळ रोज बघत होतो.

२०२० आठवा. १२ मार्चला सराव सामने थांबले, सीझन सुरू व्हायला २३ जुलै उजाडला आणि तोही ६० सामन्यांचाच. मधल्या काळात बेसबॉलवाल्यांकडे बघायला काहीच नव्हतं, घरात बसलेले लोक आणि रोज दोन नवी कार्डं. पहिली कार्डं आली तेव्हा कुणाचं फार लक्ष नव्हतं म्हणून त्यांची छपाई हजार-दोन हजारात आहे. मग वसंतात लोकांच्या लक्षात आलं की ही सुरुवातीची कार्डं कमी आहेत, त्यांचे भाव वीस डॉलरवरून शेकड्यांत आणि काहींचे हजारांत गेले, झालं, पुढचं प्रत्येक कार्ड लोक विकण्यासाठी म्हणून घ्यायला लागले, एकेक माणूस ढिगाने. केन ग्रिफी ज्युनियर या खेळाडूच्या एका कार्डाची छपाई तर जवळपास एक लाखावर गेली. ४८ तासांत जो मागेल त्याला मिळणार असेल तर मागणी वाढली की छपाई वाढणार, आणि छपाई वाढली की भाव पडणार, हे उघड होतं. उन्हाळ्यात भाव पडले, बरीच कार्डं मूळ किमतीच्याही खाली आली. त्यात पैसे अडकलेले लोक वैतागून छंदातून गेले, आणि प्रोजेक्टचं नाव बऱ्याच ठिकाणी त्या घसरणीशीच जोडलं गेलं. चित्रांवर कुणी बोलेचना, सगळे आकड्यांवर. त्या वीस आर्टिस्टवर हा अन्याय झाला असं माझं ठाम मत आहे, कारण मागणी कोसळल्यावर शेवटी शेवटी जी कार्डं आली त्यात काहींचं सगळ्यात चांगलं काम आहे, तोपर्यंत त्यांचा हात बसला होता, आणि तेव्हा बघायला गर्दी उरली नव्हती.

म्हणून पावसाळी_गाव, तुमच्यासारख्याला आताचा काळ उत्तम आहे. आकडा बघू नका असं मी म्हणणार नाही, आकडा किंमत ठरवतो, सुरुवातीची कार्डं आजही महाग आहेत आणि आर्टिस्टप्रमाणे सेट करायला निघालात तर त्या आर्टिस्टची पहिली दोन-तीन कार्डं सगळ्यात जास्त पैसे खातील, तेवढी तयारी ठेवा. आधी मधली आणि शेवटची घ्या, ती सहज मिळतात, सुरुवातीची सावकाश शोधा. चंदेरी चौकटीची आर्टिस्ट प्रूफ नावाची खास कार्डं प्रत्येकी फक्त २० आहेत आणि सोनेरी चौकटीचं एकच, त्यांच्या नादी लागायची गरज नाही, चित्र तेच आहे. ग्रेडिंग केलेली, म्हणजे दर्जा ठरवून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली, पण घेऊ नका, प्लॅस्टिकच्या स्लॅबसाठी जास्त पैसे जातात आणि तुम्हाला तर ती एका ओळीत मांडून बघायची आहेत.

जपण्याबद्दल एक, ही कार्डं नेहमीपेक्षा बरीच जाड आहेत. नेहमीच्या पातळ टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून कार्ड घालायच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, दाबून घालू नका, कडा फुटतात. बहुतेक विक्रेते लोहचुंबकाच्या बंद केसमध्येच देतात, त्यातच राहू द्या, आणि खिडकीजवळच्या भिंतीवर लावणार असाल तर उन्हाचा विचार करा.

आवडत गेलं तर २०२१ चं प्रोजेक्ट ७० पण बघा. तिथे ५१ आर्टिस्ट होते, प्रत्येकी २० कार्डं, ७० तास विक्री, पण खेळाडू आणि कुठल्या वर्षाचं डिझाइन घ्यायचं हे आर्टिस्टने स्वतः निवडायचं. जुनाबाजारांचा मँटल आधीच्या वीस जणांत नव्हता तो इथे आला. मला स्वतःला पहिलंच जास्त आवडतं, सगळ्यांना तेच वीस पेच दिले होते म्हणून तुलना करता येते. मोकळं सोडल्यावर काही जण भरकटले.

जुनाबाजार:

रेघोटी, १९५३ ची सात-आठ कार्डं आहेत माझ्याकडे. ती पेंटिंग्ज आहेत हे माहीत होतं, पण रंगवणाऱ्याचं नाव कार्डावर नाही याचा विचार कधी केला नव्हता. तो मुद्दा बरोबर आहे आणि तो मला मान्य आहे.

तरी जुन्या कागदाबद्दलचं माझं म्हणणं तेच राहील. मागे आकडे असलेलं, पोराच्या हातून आलेलं कार्ड ते कार्ड. पण मेज माझा खेळाडू आहे, २०२४ च्या जूनमध्ये तो गेला, तेव्हापासून माझं त्याच्या कार्डांकडे बघणं जरा हळवं झालंय. त्या वीस जणांपैकी मेज कुणाचा बघावा? एकच सांगा, वीस नको.

रेघोटी:

दादा, मेजसाठी मॅट टेलर बघा. ऊन आणि मोकळं मैदान त्याच्या हाताला शोभतं आणि मेज सेंटर फील्डचा माणूस. तो नाही पटला तर मिस्टर कार्टूनचा, चेहऱ्यावरची सावली त्याच्याइतकी कुणाला जमत नाही.

पावसाळी_गाव:

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

माझं असं ठरलंय. कीथ शोरची वीस. रेघोटी ताईंनी सांगितलं तसं त्याचं एक कार्ड, डॉन मॅटिंग्लीचं, ओळखीच्या दुकानातून आणलं आणि टेबलावर ठेवलंय. १९८४ चं मूळ मॅटिंग्ली माझ्याकडे आहे, त्याच्या शेजारी. पहिल्या दिवशी नाकाशिवाय काही दिसेना, आता त्याचा उभं राहायचा पवित्रा दिसायला लागलाय आणि मूळ फोटोत पण तोच आधी दिसतो. त्याशिवाय गिब्सनची जेवढी मिळतील तेवढी, कारण सुरुवात तिथून झाली आणि तो गुलाबी रंग मला सोडवत नाही. क्लेमेंटे हळूहळू. आकड्यांच्या मागे जाणार नाही, सुरुवातीची महागडी कार्डं कागदकीडा म्हणतात तशी शेवटी.

आणि बॉक्स एकच ठेवणार आहे. मूळ कार्ड पुढे, त्याच्यामागे त्याची नवी रूपं, खेळाडूप्रमाणे दुभाजक घालून. आकार जुळत नाही हे खरंय, १९५२-५५ च्या कार्डांसाठी मोठा बॉक्स घ्यावा लागेल, जाड केसेसमुळे एका बॉक्सचे तीन होतील, पण वेगळी ठेवली तर मी ती दोन्ही एकत्र काढून बघणार नाही हे मला माहीत आहे, आणि एकत्र बघायलाच तर घेतोय.

शोरचं कोफॅक्स, रिव्हेरा किंवा हेंडरसन कुणाकडे जादा असेल तर निरोप टाका, पोस्टेज माझ्याकडे. बदल्यात द्यायला सत्तरच्या दशकातली बरीच जादा कार्डं आहेत, यादी टाकतो उद्यापर्यंत.

कागदकीडा:

शोरचं रिव्हेरा माझ्याकडे दोन आहेत, एक तुमचं. यादीत १९७५ ची असतील तर आधी मला कळवा.